गावातल्या रस्त्यावर हेल्मेट नको? साफ चूक

‘हायवे सोडला की हेल्मेटची सक्ती नाही, मागे बसणाऱ्याला तर नाहीच, आणि झेब्रा क्रॉसिंग नसताना रस्ता ओलांडणाऱ्याला धक्का लागला तर चूक त्याचीच.’ हा मेसेज गोव्यात पेडण्यापासून फोंड्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. लोक तो खरा मानून गाडी चालवतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आधी हायवेचे बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर ‘सार्वजनिक ठिकाणी’ हेल्मेट लागते, आणि जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता या कायद्यात सार्वजनिक ठिकाणच आहे. देवळाकडची वाट, वाड्यावरचा अरुंद डांबरी रस्ता, बाजारातला तिठा, सगळे त्यात आले. शिवाय आपल्याकडे आतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे. वळणावर समोरचे दिसत नाही, पावसात कडेला शेवाळ धरते. तिथे स्कूटर घसरली की डोके थेट चिऱ्यावर. तरीही ‘इथेच दुकानावर जातोय’ म्हणत हेल्मेट कोपराला अडकवलेले लोक नेमके याच रस्त्यांवर दिसतात. काही जण डोक्यावर ठेवतात, पण पट्टा लोंबत असतो. कायद्याच्या व्याख्येत पट्ट्याने घट्ट बांधलेले असेल तरच ते हेल्मेट.

मागे बसणाऱ्याबद्दल वादच नको. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे. नसेल तर कलम १९४ड नुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. त्याहून लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. झेब्रावर वेग कमी करून, थांबून वाट देणे हे चालकाचे काम आहेच. पण झेब्रा नाही म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. बेदरकार गाडी चालवण्याचे भारतीय न्याय संहितेतले कलम २८१ आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम १०६ झेब्रा आहे की नाही हे विचारत नाही. आपल्या गावांत झेब्रा आहेत तरी किती? मग शाळेत निघालेली मुले आणि नळावरून येणाऱ्या बायका कायमच्या दोषी ठरवायच्या का? चालणाऱ्यांनी मात्र एवढे करावे: फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे आपल्या बाजूने येणारी गाडी समोरून दिसते.