कोंडा कोरडेपणाने होत नाही, म्हणून तेलाने जात नाही

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: कोंडा म्हणजे डोक्याची कोरडी पडलेली कातडी, तेव्हा रोज रात्री तिळाचे किंवा खोबरेल तेल कोमट करून मुळांशी जिरवावे, शॅम्पूनेच कोंडा होतो, तो बंद करावा, लिंबाचा रस चोळून उन्हात बसावे, सात दिवसांत कोंडा कायमचा जातो, आणि घरात एकाला झाला की फणीवाटे सगळ्यांना होतो, पुढे टक्कल पडते. हा संदेश मला राजेंद्रनगरातल्या तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला, आणि तिघांनीही तो काळजीपोटीच पाठवला होता, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते.

पहिला दावा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे उपाय त्याच्याच आधारावर उभे आहेत. माळव्यातल्या थंडीत हातपाय उलतात आणि त्याच दिवसांत कोंडाही वाढतो, त्यामुळे दोन्हींचे कारण एकच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोरडेपणा हेच कारण असते, तर ज्यांची त्वचा सर्वांत कोरडी असते त्या सत्तरीतल्या आजी-आजोबांना कोंडा सर्वाधिक झाला असता. प्रत्यक्षात तो वयात येताना, म्हणजे त्वचेतल्या तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात तेव्हा सुरू होतो, आणि डोक्याशिवाय दिसलाच तर भुवयांत, नाकाच्या कडांना, कानांमागे, म्हणजे नेमक्या तेलकट जागी दिसतो.

याचे मूळ मॅलासेझिया नावाच्या यीस्टमध्ये, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीत आहे. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने १८७४ मध्ये तिचे वर्णन केले आणि पुढे तिला त्याचेच नाव मिळाले. ती आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तिला स्वतःला लागणारी मेदाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेवरचे तेल फोडून खाते, आणि त्या फोडण्यातून ओलेइक आम्लासारखी द्रव्ये त्वचेवर उरतात. हे आम्ल कोंडा होणाऱ्या माणसाच्या डोक्याला लावले तर पापुद्रे सुटतात आणि कोंडा न होणाऱ्याच्या डोक्याला लावले तर सुटत नाहीत, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे बुरशी सर्वांकडे असली तरी तिच्या उष्ट्याने चिडणारी त्वचा काहींचीच असते. ती चिडली की पेशी घाईघाईने तयार होऊन अर्धवट पिकलेल्या अवस्थेत गठ्ठ्याने झडतात, आणि तोच काळ्या कुर्त्याच्या खांद्यावर पडलेला कोंडा. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवताना तिला ऑलिव्हचे तेल घालतात, हे लक्षात घेतले तर कोंडा असलेल्या डोक्यात रोज रात्री तेल मुरवून ठेवणे बहुतेकांना का मानवत नाही ते समजते. तेलाने पापुद्रे भिजून केसांना चिकटतात आणि सकाळी कोंडा कमी झाल्यासारखा दिसतो, एवढेच. खोबरेल तेलावर माझा राग नाही. केसांच्या लांबीला ते खरोखर उपयोगी आहे. ज्यांना तेलाशिवाय चैन पडत नाही त्यांनी ते न्हाण्याआधी तासभर केसांना लावावे आणि धुऊन टाकावे.

शॅम्पूने कोंडा होतो हेही खरे नाही. उलट केस कमी वेळा धुतल्याने तेल साचते आणि कोंडा वाढतो. मात्र साधा शॅम्पू आणि औषधी शॅम्पू यांत फरक आहे: दोन टक्के केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन यांपैकी काही असलेला शॅम्पू बुरशी कमी करतो. तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरावा. बहुतेकांची चूक इथे होते की ते फेस येताच डोक्यावर पाणी ओततात. औषध केसांना नव्हे तर कातडीला लागले पाहिजे आणि तिथे तीन ते पाच मिनिटे राहिले पाहिजे. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण नीट सुटत नाही आणि त्याचा पांढरा थर केसांत राहतो. त्यालाही अनेक जण कोंडा समजतात.

लिंबाविषयी मी अधिक कळकळीने लिहिते, कारण माझ्या भाचीने हा उपाय केला. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी डोक्याला रस चोळून ती गच्चीवर बसली. दोन दिवसांनी कपाळावर, केसांच्या रेषेलगत, रस ओघळला होता तिथे बोटभर लांबीचे लाल पट्टे उठले आणि मग ते काळपट झाले. “मावशी, हे जाईल ना?” असे ती रोज विचारायची, डाग जायला दोन महिने लागले. लिंबाच्या रसातली काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजतात, हा वैद्यकाला परिचित असलेला प्रकार आहे. शिवाय सात दिवसांत कायमचा जाणारा कोंडा नसतो. तो आटोक्यात येतो, आणि नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा औषधी शॅम्पू चालू ठेवला तर आटोक्यात राहतो.

कोंडा फणीवाटे पसरत नाही. त्याने टक्कलही पडत नाही. खूप खाजवल्याने केस तुटतात, खाजवणे थांबले की पुन्हा येतात. पसरतो तो डोक्यातला गजकर्ण, मुख्यतः लहान मुलांमध्ये, आणि त्यात गोल चट्ट्यांत केस जातात. त्याला केवळ शॅम्पू पुरत नाही, पोटातून कित्येक आठवडे औषध द्यावे लागते. केसांच्या रेषेबाहेर आलेल्या जाड चंदेरी खपल्या सोरायसिसच्या असू शकतात. अशा वेळी, किंवा महिनाभर नीट शॅम्पू वापरूनही फरक नसेल तर, औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने आणून चोळू नये. त्याने गजकर्ण काही दिवस दबतो, आतून पसरत राहतो, आणि त्वचारोगतज्ज्ञालाही तो ओळखणे अवघड होऊन बसते.