कुठला साडेचार जीपीए?

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशावरच्या कालच्या वेबिनारमध्ये पुन्हा तेच. कन्सल्टंटने स्लाइड लावली, ‘जीपीए ४.५च्या वर असेल तर यूसीची काळजी नको’, आणि खाली पालकांचे धडाधड अंगठे! अहो, जीपीए म्हणजे ग्रेड्सच्या गुणांची सरासरी, पण कुठला ४.५? शाळेने ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, छापलेला? कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजेच यूसी, तो धरतच नाही, स्वतःचा हिशेब नव्याने मांडतं. एवढी साधी गोष्ट, आणि भरमसाट फी घेणाऱ्यांना ती सांगता येत नाही?

नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्याच ग्रेड्स, त्याही फक्त ए-जी विषयांच्या, म्हणजे यूसीने प्रवेशासाठी ठरवलेल्या शालेय विषयांच्या. पीई (शारीरिक शिक्षण) गेलं. प्लस-मायनस गेले. ए मायनसचे सरळ ४, पण बी प्लसचे सरळ ३. म्हणजे ८९वर अडकलेलं पोर आणि ८०वालं पोर एकाच पारड्यात! एपी, आयबी (शाळेतच होणारे कॉलेजच्या तोडीचे विषय) किंवा यूसीमान्य ऑनर्सला (शाळेचे जास्त अवघड वर्ग) सेमिस्टरमागे १ जादा गुण, तोही सी किंवा त्याहून वरची ग्रेड असेल तरच. आणि असे जादा गुण जास्तीत जास्त ८ (एका विषयाच्या एका सेमिस्टरला १), त्यात दहावीचे फार तर ४.

आता करा गणित. वर्षाला ६ विषय, दोन सेमिस्टर, दोन वर्षं, २४ ग्रेड्स. सगळीकडे ए, म्हणजे ९६. अधिक ८, झाले १०४. भागिले २४, ४.३३. याच्या वर जाताच येत नाही, एपी कितीही करा! ७ विषय घेतले तर ४.२८. ५ घेतले तर ४.४०. आणि तो स्लाइडवरचा ४.५ गाठायला वर्षाला फक्त ४ ए-जी विषय घ्यावे लागतात. तसं करणाऱ्याला चांगला कॅम्पस दारात उभा करेल का? अर्ज वाचणारे किती विषय घेतले, किती अवघड घेतले, हे बघतात. पण ७ विषय पेलून ४.२८वर आलेली मुलगी ही स्लाइड बघून रडत बसणार, त्याचं काय?

‘नववी धरत नाहीत, मजा करू दे’ म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच संताप येतो. नववीच्या ए-जी विषयांतही सी लागतोच. त्या ग्रेड्स अर्जात भरायच्या असतात आणि वाचणाऱ्याला त्या दिसतात. एसएटी ही परीक्षा यूसी प्रवेश देताना बघतही नाही, तरी ‘यूसीसाठी’ म्हणून क्लास विकले जातात. न्यू जर्सी-टेक्सासवाल्यांना कोणी सांगत नाही, की त्यांच्या शाळेच्या ऑनर्सला इथे जादा गुण नाही आणि किमान जीपीए ३.४ लागतो, कॅलिफोर्नियाच्या मुलांसारखा ३.० नव्हे. पुण्याहून दहावी करून आलेल्या मुलाच्या ९२ टक्क्यांना २५ने भागून ३.६८ काढून देणारे तर डोक्यात जातात. रूपांतर करायचंच नसतं! मार्कशीटवर आहे तसं भरायचं. अर्जाच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट मागत नाहीत, तपासणी नंतर होते, आणि भरलेलं जुळलं नाही तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. तेव्हा हे भागाकारवाले येणार आहेत का भांडायला?

आणि शाळा! कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या यूसीमान्य विषयांची यादी ऑनलाइन आहे, ऑनर्सच्या खुणेसकट. दहावीच्या विषयनिवडीच्या फॉर्मवर ती खूण छापायला कितीशी शाई लागते?