गाडी निवडताना चालवणाऱ्याला कोणी विचारतच नाही

आज दुपारी भाचीबरोबर मोटारसायकल बघायला एका शोरूममध्ये गेले होते. तिथून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे. ज्यांच्या घरात कोणी येत्या काही दिवसांत पहिली मोटारसायकल घेणार असेल, त्यांनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी.

भाची चोवीस वर्षांची आहे. चार वर्षे तिने स्कूटर चालवली असून गेले दोन महिने ती माझ्या जुन्या सव्वाशे सीसीच्या गाडीवर गिअर शिकते आहे. जाण्यापूर्वी तिने एका वहीत सगळे लिहून काढले होते: रोजचे जाणे-येणे बावीस किलोमीटर, त्यातले निम्मे गर्दीतून, महिन्यातून एखादी लांबची फेरी, मागे अधूनमधून कोणीतरी बसणार, उंची पाच फूट दोन इंच. गाडी घेताना इतका नीट विचार केलेले माणूस मी क्वचितच पाहिले आहे. समोरच्या विक्रेत्याने ती वही उघडूही दिली नाही. त्याचे पहिले वाक्य होते, "मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?" मोटारसायकलच हवी आहे, असे तिने दोनदा सांगितल्यावर त्याने सर्वांत हलकी गाडी पुढे केली आणि तिच्या रंगांविषयी बोलू लागला.

त्याच वेळी, आमच्यापासून चार हातांवर, अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा एका उंच, अवजड गाडीवर बसला होता. पक्के लायसन्स गेल्याच महिन्यात मिळाल्याचे तो मित्रांना सांगत होता. मित्र फोटो काढत होते. माझी नजर मात्र त्याच्या पायांवर खिळली होती, कारण त्याच्या दोन्ही टाचा अधांतरी होत्या आणि चवड्यांच्या टोकांवर त्याने ती गाडी कशीबशी तोलून धरली होती. दुसरा विक्रेता त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "घेऊन टाका, आठ दिवसांत सवय होते."

या "सवय होते"नेच माझे डोके फिरले. हेच दोन शब्द बारा वर्षांपूर्वी मलाही ऐकवले गेले होते.

तेव्हा मी तिशीत होते. बायकांना मोटारसायकल झेपत नाही, हे घरीदारी इतक्या वेळा ऐकले होते की गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी माझ्यासाठी गाडी निवडलीच नाही, मी त्या सगळ्यांना उत्तर निवडले. एकशे नव्वद किलोच्या पुढची, उंच सीटची, लांबच्या खडतर प्रवासासाठी बनवलेली गाडी घेतली. तिच्यावर माझेही फक्त चवडे टेकत होते. सपाट रस्त्यावर तेवढे पुरत असे. तीन महिने सगळे सुरळीत चालले आणि मला खरोखरच वाटू लागले की सवय झाली.

मग एका संध्याकाळी बाबांना मागे बसवून निघाले. एका वळणावर समोरून गाडी येत होती म्हणून थांबले आणि नेहमीप्रमाणे डावा पाय खाली सोडला. रस्ता तिथे डावीकडे किंचित उतरता होता. उतार दोन बोटांचाच असेल, पण तेवढ्याने माझा पाय जमिनीला लागलाच नाही. बुटाचे टोक हवेत जमीन शोधत राहिले, तोवर गाडी कलली होती. वेग शून्य होता. चूक म्हणावी असे मी काहीही केले नव्हते, फक्त थांबले होते. इंडिकेटरची नारिंगी काच फुटल्याचा आवाज आला, पेट्रोलचा वास आला आणि मागून बाबांचा एकच हुंकार ऐकू आला. त्यांचे मनगट मोडले होते. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

मोटारसायकल सरळ उभी असते तेव्हा तिचा भार टायरवर असतो आणि तिला तोलायला दोन बोटांचा जोर पुरतो. ती काही अंश कलली की तोच भार आपल्या पायावर आणि खांद्यावर येतो आणि एका विशिष्ट कोनानंतर पैलवानालाही ती आवरत नाही. मागे माणूस बसले असेल तर तो कोन फार लवकर येतो. टाकी भरलेली असेल तर आणखी लवकर, कारण पंधरा लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ अकरा किलो, आणि तेही गाडीच्या वरच्या भागात. शोरूममधली गाडी बहुधा रिकाम्या टाकीने, गुळगुळीत फरशीवर, स्टँडला टेकून उभी असते. तिच्यावर बसून "झेपते की" म्हणणे म्हणजे काठावर बसून पोहता येते म्हणण्यासारखे आहे. गाडी स्टँडवरून काढावी, हातांनी दहा पावले मागे ढकलावी, हँडल पूर्ण वळवून जागच्या जागी फिरवून बघावी, उतरत्या जागेवर पाय टेकवून बघावा. शोरूमवाले हे करू देत नसतील, तर गाडी तिथून घेऊ नये. वेगात सगळ्याच गाड्या हलक्या लागतात. गाडीचे खरे वजन कळते ते गर्दीत, यू-टर्न घेताना, पार्किंगमधून उलटी काढताना, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे रोजचे चालवणे तिथेच होते.

उंची कमी असली तरी उंच गाडी उत्तम चालवणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे. एका बाजूला सरकून एकच पाय भक्कम टेकवण्याचे त्यांचे कसब मी पाहिले आहे. पण ते अनुभवाने येते, लायसन्सबरोबर हातात मिळत नाही.

आता सीसीविषयी, कारण गाडीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न हाच असतो. नुसत्या सीसीवरून गाडीचा स्वभाव कळत नाही. रॉयल एनफील्डच्या 349 सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे 20 बीएचपी आहे आणि केटीएमच्या 373 सीसीच्या इंजिनाची सुमारे 43. आकडे जवळचे, पण एक गाडी जड असून धीम्या लयीत ओढणारी आणि दुसरी हलकी असून मनगट जरा जास्त फिरले तर अंगाखालून निसटू पाहणारी. नवशिक्याला पहिली तोलताना घाम फुटेल आणि दुसरी आवरताना. असे असताना "साडेतीनशेच्या आसपासची घे" हा सल्ला लोक कोणत्या आधारावर देतात, हे मला आजवर कळलेले नाही.

युरोपीय महासंघात 2013 पासून लागू असलेल्या परवान्यांच्या नियमांत हा विचार नीट केलेला आहे. तिथे पहिल्या पायरीवर 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंतची (म्हणजे सुमारे 15 बीएचपी) गाडी, दुसऱ्या पायरीवर 35 किलोवॅटपर्यंतची (सुमारे 47 बीएचपी), आणि त्यानंतर कोणतीही. शिवाय ताकद आणि वजन यांचे प्रमाणही बघितले जाते. तिसऱ्या पायरीवर थेट जायचे असेल तर साधारणपणे वयाची चोविशी गाठावी लागते. कोणाला यात स्वातंत्र्यावर घाला दिसेल, मला त्यात त्या मुलाच्या अधांतरी टाचांची काळजी घेणारे कोणीतरी दिसते. कायदा सक्ती करो वा न करो, घरातल्या मोठ्यांनी या पायऱ्या स्वतःहून पाळायला काय हरकत आहे?

पण घरातले मोठेच वेगळे बोलतात, आणि मला खरा राग त्यांचा आहे. "छोटी घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील, परत बदलावी लागेल, त्यापेक्षा एकदाच मोठी घे." हे वाक्य प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतेच, आणि म्हणणाऱ्याने स्वतः बहुधा दहा-दहा वर्षे गाडीला हात लावलेला नसतो. पोराला पोहायला शिकवताना "पुढे उंच होणारच आहेस" म्हणून कोणी त्याला खोल पाण्यात उभे करत नाही. मग गाडीच्या बाबतीत हीच समज कुठे जाते? दोनदा गाडी घेण्यात पैसा जास्त जातो, हे खरे आहे. त्यासाठीच पहिली गाडी जुनी, हलकी आणि पडली तरी फार हळहळ वाटणार नाही अशी घ्यावी. ती पडणार आहे. पहिल्या वर्षात कोणाचीही पडते, आणि पडलेली गाडी एकट्याने उचलता आली पाहिजे. मी बाबांना सावरायला वळले तेव्हा माझी गाडी रस्त्यात आडवी पडून होती आणि ती उचलायला तीन अनोळखी माणसे धावत आली. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही, आणि स्वतःची गाडी स्वतःला उचलता येत नाही, ही त्या क्षणाची जाणीवही विसरलेले नाही.

"सवय होते" म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, त्याचा अहवाल 1981 मध्ये आला. अपघातात सापडलेल्यांचा गाडी चालवण्याचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. मी हे वाचले तेव्हा माझे तीन महिने आठवले. म्हणजे सवय होते, पण आठ दिवसांत होत नाही, आणि एका गाडीची सवय दुसऱ्या गाडीवर जशीच्या तशी चालत नाही. क्लच कुठे सुटतो, पुढचा ब्रेक किती दाबला की चाक अडखळते, हे हाताला प्रत्येक गाडीबरोबर नव्याने शिकावे लागते. आणि हे शिकताना वेग कमी असावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होते, आणि ताशी 60 किलोमीटरला माणूस नुसता दचकेपर्यंत गाडी साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते. एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी घ्यावी, यात मला दुमत ठेवायचेच नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. छोटी गाडी सर्वांसाठी योग्य, असे माझे म्हणणे नाही. ज्याला रोज पन्नास-साठ किलोमीटर महामार्गाने जायचे आहे, त्याला शंभर सीसीची गाडी दिली तर ती सतत शेवटच्या दमावर धावेल, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने हलेल आणि ओव्हरटेक करायला हाताशी ताकद उरणार नाही. तिथे जरा जड, स्थिर गाडीच हवी. तसेच जिला गर्दीत रोज तासभर थांबत-थांबत जायचे आहे, तिला पुढे वाकून बसायची स्पोर्ट गाडी मनगटांना आणि कमरेला त्रास देईल, आणि मोठ्या इंजिनाची धग मांड्यांना भाजेल. मायलेज, सर्व्हिसिंग, सुटे भाग यांविषयी सगळेच बोलतात, मी भर घालत नाही. गरज आधी आणि गाडी नंतर, हा क्रम मात्र उलटता कामा नये. होंडाची सुपर कब 1958 मध्ये आली आणि 2017 पर्यंत तशा 10 कोटी गाड्या तयार झाल्या. चिमुकल्या इंजिनाच्या त्या गाडीने जगभरातल्या लोकांना कामावर पोहोचवले. तिला "खरी गाडी" न म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही.

मी ती मोठी गाडी विकली आणि सव्वाशे सीसीची घेतली. नातेवाईक हसले. त्या गाडीवर मी पाच वर्षे काढली, मोकळ्या मैदानात आठाचा आकडा गिरवला, पावसात चालवली, दोनदा पडले आणि दोन्ही वेळा तिला एकटीने उचलले. आज माझ्याकडे जी गाडी आहे, तिचे वजन त्या पहिल्या गाडीइतकेच आहे, पण सीट खाली आहे आणि माझे दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात. उतार दिसला की कुठे थांबायचे नाही, हे आता पायाला आधी कळते. बाबांनी त्या संध्याकाळबद्दल मला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेले.

आज त्या मुलाशी मी काहीच बोलले नाही. अनोळखी बाईने मित्रांसमोर टोकले तर तो दुखावेल, असा विचार करून मी गप्प बसले. दुपारपासून मला जे लागून राहिले आहे, ते हेच आहे. त्या विक्रेत्याचे वागणे चीड आणणारे होतेच, पण त्याला गाडी विकायची होती. मला काय अडचण होती? बाळा, उतरत्या जागेवर एकदा पाय टेकवून बघ, एवढेच म्हणायचे होते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर कृपा करून तुम्ही तरी गप्प बसू नका.

भाचीने आज काही घेतले नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने बाबांना वही दाखवली. बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत, थंडीत त्यांचे ते मनगट अजूनही दुखते. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली आणि "मागे अधूनमधून कोणीतरी बसणार" या ओळीवर बोट ठेवले.

"हे तपासलंस का?" त्यांनी विचारले.

ती म्हणाली, "कसं तपासणार, आजोबा?"

"उद्या मी येतो," बाबा म्हणाले. "टेस्ट राइडला मागे बसतो."