बटण कुणाच्या हातात?

पोलिसांच्या छातीवर कॅमेरा असावा का? माझं मत विचाराल तर असावाच. पण 'कॅमेरे आले की सगळे सुतासारखे सरळ होतील' म्हणणाऱ्यांनी बाल्टिमोरचा किस्सा ऐकून ठेवावा.

जानेवारी २०१७. अमेरिकेतल्या या शहरात एका पोलिसाला घरामागच्या कचऱ्यात ड्रग्जची पुडी 'सापडली'. छातीवरचा कॅमेरा चालू, चित्रण स्वच्छ, एक माणूस तुरुंगात. आता गंमत बघा. हे कॅमेरे बटण दाबण्याआधीचे ३० सेकंदसुद्धा जपून ठेवतात, फक्त आवाज नसतो. बचावाच्या वकिलांनी फुटेज बघितलं, तर त्या ३० सेकंदांत हाच पठ्ठ्या डब्यात पुडी ठेवतोय! दोन सहकारी शेजारी उभे. मग तो रस्त्यावर येतो, बटण दाबतो, परत आत जातो, थोडी शोधाशोध केल्यासारखं करतो आणि डबा उचलतो. त्याचं म्हणणं असं की माल खरंच सापडला होता, मी फक्त तो प्रसंग पुन्हा करून दाखवला. २०१८ मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. (आपल्याकडचे पंचनामे आणि तेच ते ठरलेले पंच ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.)

तो पकडला गेला तो कॅमेऱ्यामुळेच, हे मान्य. पण फुटेज वकिलांच्या हाती पडलं म्हणून. पोलीस ठाण्याच्या कपाटातच राहिलं असतं तर?

अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या रिअ‍ॅल्टो या छोट्या गावात २०१२ मध्ये प्रयोग झाला, तेव्हा पोलिसांविरुद्धच्या तक्रारी धाडकन खाली आल्या. मग वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून जास्त पोलिसांवर तेच करून पाहिलं. २०१७ मध्ये निकाल आला: म्हणावा असा फरक नाही.

माझा मावसभाऊ खात्यात आहे. त्याला कॅमेरा हवाय. "लोक मोबाईल काढतात आणि मी आवाज चढवला तेवढाच तुकडा व्हायरल करतात. त्याआधी आईवरून शिव्या खाल्ल्या ते कोण दाखवणार?" खरंय त्याचं. २०१६ मध्ये मुंबईत खारला विनाहेल्मेट पोराला अडवलं म्हणून एका वाहतूक हवालदारावर हल्ला झाला, त्यात त्याचा जीव गेला. पण मावसभावाचा दुसरा प्रश्नही रास्त आहे: "बारा तासांच्या बंदोबस्तात घरी फोन केला, तर तेही साहेब ऐकणार का?" यावर लेखी नियम हवा, तोंडी नको.

आता आपल्याकडचं. परवा नाकाबंदीत अडवलं. कागदपत्रं चोख होती, तरी 'बघा काय ते' सुरू झालं. छातीवरच्या कॅमेऱ्याचा दिवा बंद. विचारलं तर, "चार्जिंग संपलंय." चलानचं मशीन मात्र फुल्ल चार्ज!

ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचंही हेच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे बसवा, फुटेज १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला ठाण्यांतले कॅमेरे चालू नसल्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

एक गोष्ट मात्र आपल्याच कायद्यात चांगली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रण करावं लागतं, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. म्हणजे ते ठाण्यात पडून राहू नये, ही सोय कायद्यानेच केली आहे. मग रस्त्यावरच्या कॅमेऱ्यालाही हाच न्याय लावा. ड्युटी संपली की फुटेज थेट ठाण्याबाहेरच्या सर्व्हरवर जाऊ दे. ज्याला अडवलं त्याला आणि ज्याने अडवलं त्या हवालदाराला, दोघांनाही प्रत मागता येऊ दे. आणि ऐन वेळी कॅमेरा बंद सापडला तर पहिली नोटीस पीआय साहेबांना निघू दे. एरवी सगळं हवालदाराच्या माथी मारून साहेब मोकळे होणार.