विणीच्या हंगामात शिकार? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

टर्कीच्या शिकारीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत: दुकानात हवी तेवढी टर्की मिळते, मग रानात जाऊन, तेही ऐन विणीच्या हंगामात, मादीचा आवाज काढून नराला फसवून मारण्यात कसला पुरुषार्थ? इथून, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून, हा पक्षी शिकाऱ्यांनीच संपवला होता आणि आपल्याकडे मोर मारला असतास तर तुरुंगात गेला असतास, हेही सुनावलंत. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

पुरुषार्थाचं आधी मिटवतो: काहीही नाही. मी मांस खातो, एवढंच. दुकानातल्या पांढऱ्या टर्कीची छाती इतकी जड केलेली असते की तिला उडता येत नाही, नर-मादीचं मीलनही होत नाही. सगळी पैदास कृत्रिम रेतनाने. तुम्ही शाकाहारी म्हणून आक्षेप घेत असाल, तर मी गप्प बसतो. पण ‘दुकानातून आण की’ हे काही मला पटत नाही.

विणीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुगतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. पाल्यात जमिनीवर घरटं करणं, दहा-बारा अंडी उबवणं, पिल्लं फिरवणं, सगळं मादीच्या गळ्यात. हंगाम एप्रिलच्या शेवटी उघडतो, तोवर बऱ्याच माद्यांचं मीलन उरकलेलं असतं. त्यानंतर काही नर कमी झाले तर पुढच्या पिढीला फारसा धक्का बसत नाही. मादी गेली तर अख्खं घरटं जातं. म्हणून वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारायची परवानगी आहे. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा, घोड्याच्या शेपटीसारखा राठ झुबका. त्यातही एक गोम आहे. थोड्या माद्यांनाही दाढी फुटते आणि कायद्याने तीही चालते. मला चालत नाही. नराचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं, छातीच्या पिसांची टोकं काळी. मादीच्या छातीची टोकं बदामी. हे स्पष्ट दिसेपर्यंत माझं बोट बंदुकीच्या घोड्यावर जात नाही. (त्याच तीन रंगांचा साधा रुमालही आम्ही रानात नेत नाही. झाडीतून दुसऱ्या कुणाला आमचंच डोकं टर्कीचं वाटायचं.)

फसवणूक? हो, आहे. आपल्याकडचे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानातले तित्तर बोलवायचे, त्याच जातीची विद्या. पण टर्कीत गंमत अशी की एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. मी पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढतो, म्हणजे उलटी गंगा वाहावी अशी अपेक्षा धरतो. तो साठ-सत्तर यार्डांवर येऊन थांबतो, पिसारा उभारतो, पंखांची टोकं जमिनीवर घासतो, पुन्हा ओरडतो. तूच ये, म्हणतो. छर्ऱ्यांचा भरवसा फार तर चाळीस यार्डांपर्यंत. गुडघा जरासा हलला तरी त्याला दिसतो आणि खेळ खलास. बहुतेक सकाळी मी हात हलवत घरी येतो. दाणे टाकून बोलावणं, रेकॉर्ड केलेला आवाज लावणं आणि रायफल वापरणं, तिन्हींना इथे बंदी आहे.

आणि मारण्यापेक्षा शोधण्यातच जास्त वेळ जातो, हे लेखात नीट आलं नसावं. ओकच्या झाडांखाली उकरून बाजूला फेकलेला पाला, धुळीत अंग घासून पडलेले खळगे, विष्ठा. नराची विष्ठा काठीच्या मुठीसारखी टोकाला वळलेली, मादीची वेटोळ्यासारखी गोळा. एवढ्यावरून तिथे कोण राहतं ते कळतं.

आता ‘शिकाऱ्यांनीच संपवला’. अर्धं खरं. राज्यातली शेवटची मूळची टर्की 1851 मध्ये माउंट टॉम या डोंगरावर मारली गेली, पण त्याआधी शेतीसाठी रानंच्या रानं तोडून झाली होती. पुढे शेतं ओस पडली, रान परत वाढलं. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की अनेकदा सोडून पाहिल्या, टिकल्या नाहीत. मग 1972-73 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पकडलेले 37 रानटी पक्षी बर्कशायरच्या डोंगरात सोडले. आज राज्यात 30 हजारांहून जास्त आहेत. वन्यजीवांच्या अशा कामांना देशभर जो पैसा मिळतो, त्यातला मोठा वाटा शिकारीचे परवाने आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा. त्या कराची रक्कम राज्यांना देणारा कायदा 1937 चा. म्हणून शिकार पुण्यकर्म ठरत नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्या शिकाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो.

मोराचं म्हणाल तर आपण एकाच बाजूला आहोत. इथे 1980 मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली ती पक्षी वाढल्यावर. आजही मारलेल्या प्रत्येक टर्कीची 48 तासांत नोंद करावी लागते. आपल्याकडे मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिथेच राहू दे. ‘महाराष्ट्रातही शिकार खुली करा’ म्हणणाऱ्यांनी माझा लेख पुरावा म्हणून वापरू नये.

तुम्ही उन्हाळ्यात मुलाकडे बॉस्टनला येताय असं लिहिलंत. बॉस्टनला लागूनच असलेल्या ब्रुकलाइनच्या फुटपाथवर टर्की तुम्हाला बंदुकीशिवाय दिसतील. दाणे टाकू नका, त्यानेच त्या सोकावतात. आणि एखादी अंगावर आली तर मागे सरू नका. छत्री उघडा आणि मोठ्याने ओरडा, मराठीत चालेल.