शेती करतो म्हणजे काहीच करत नाही का?

आज आम्ही मावसबहिणीच्या साक्षगंधाला गेलो होतो. जेवणाच्या वेळी एका नातेवाईकानं भर मांडवात माझ्या भावाला विचारलं, "काय रे बा, तुह्यं कधी? का गेलं आता वय निघून?" सारे हसले. भाऊही हसला आणि भाजीची बादली उचलून दुसऱ्या पंगतीत वाढायला गेला. पोरीचा कार्यक्रम होता म्हणून तिथं गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं तापलंय.

भाऊ बत्तीसचा आहे. सात एकर वावर, विहीर आहे. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, पाणी पुरलं तर हरभरा. विजेची रात्रीची लाईन असली की ऐन थंडीत बॅटरी घेऊन एकटा ओलिताला जातो. बाबा गेल्यावर आईचं दवापाणी, माझं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं यानंच ओढलं.

मागच्या हिवाळ्यात मुलीकडचे घर पाहायला आले होते. सकाळीच तुरीवर फवारणी करून आला होता तो. दोनदा साबण लावून आंघोळ केली तरी आईला औषधाचा वास येतच होता, तिनं शर्टाला अत्तर लावून दिलं. पोहे झाले, गप्पा झाल्या. मुलीच्या मामानं विचारलं, "नोकरी कुठं?" भाऊ म्हणाला, "शेती आहे." मामा म्हणे, "ते तर आहेच, पण करता काय?"

शेती पाहिजे, सातबारा पाहिजे, पण ती करणारा नको! मध्यस्थ नंतर म्हणे, बायोडाट्यात 'पुण्यात कंपनीत' टाका, पुढचं मी पाहतो. भावानं साफ नाही म्हटलं. खोटं बोलून कोणाची पोरगी घरात आणायची नव्हती त्याला.

मुलीच्या बापाचं भेव खोटं नाही, मान्य. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजाराच्या आसपास, अशा घरात पोरगी द्यायला कोणाचाही हात कचरेल. आणि पोरी कमी का झाल्या हेही माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या विदर्भातल्या बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं ८५५ पोरी होत्या. पण ते पाप ज्यांनी केलं ते आज मांडवात लोडाला टेकून बसतात, आणि भोगतात ही पोरं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाला पोरी मिळत नाहीत म्हणून पोरं नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, तर लोकांनी त्याचीही गंमत केली. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला आजही कळत नाही.

बायांचे हाल कमी आहेत असं मी म्हणत नाही, ते मला कोणी शिकवू नये. पण मला रडू आलं तर मी आईपाशी बसते, शेजारणीपाशी बोलते. भाऊ कोणापाशी बोलेल? पानठेल्यावर उभा राहून खर्रा घोटणाऱ्या पोट्ट्यांना आपण बिघडले म्हणून मोकळे होतो. त्यांच्यातल्या एकाला तरी कोणी विचारलं का, झोप लागते का रे बाबा? त्या दिवशी पाहुणे गेल्यावर भाऊ लगेच कपडे बदलून वावरात गेला. जेवला नाही. आई म्हणाली, काम असेल त्याला. काही काम नव्हतं.

चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९८६ ला बायकालेकरांसह जीव दिला, तो याच आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला माणूस. अजून दर १९ मार्चला लोक त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात. चांगलंच करतात. पण जो जिवंत आहे, रात्री ओलीत करून आलाय, त्याला विचारता "करता काय?"

तर आता इथंच सांगते. भाऊ बत्तीसचा, बी.ए., सात एकर ओलीत, घर पक्कं, सोसायटीचं कर्ज अजून थोडं बाकी आहे. खर्रा नाही, दारू नाही. पुरणपोळी स्वतः लाटतो. शेती करतो. पाहण्यात मुलगी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. नोकरी कुठं हे विचारायचं असेल तर मेसेज करू नका.