दंड भरला, झाडं लावली, तरी भरतीरेषेजवळचं घर अधिकृत होत नाही

समुद्राकाठी किंवा खाडीकाठी घर असलेल्यांनी आता सीआरझेडला, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या केंद्राच्या नियमांना, घाबरायचं कारण नाही, असं सांगणारा एक संदेश कोकणात आणि गोव्यात सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: २०१९ पासून बांधकामबंदीची मर्यादा भरतीरेषेपासून ५० मीटरवर आली. ग्रामपंचायतीची परवानगी आणि घरपट्टीची पावती असली की घर अधिकृत. आपल्या सातबाऱ्यातली तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आपली. कायद्यातली कैद रद्द झाली, आता फक्त दंड. आणि तरीही काही उल्लंघन उरलं, तर तिप्पट झाडं लावून किंवा ‘ग्रीन क्रेडिट’ (झाडं लावण्यासारख्या कामाबद्दल सरकारी योजनेत मिळणारे गुण) घेऊन ते मिटवता येतं, अमेरिकेतही असंच चालतं.

घराचे नकाशे काढण्याच्या कामामुळे हा संदेश दाखवणारी माणसं मला नेहमी भेटतात. बहुतेकांचं घर वाडवडिलांचं असतं आणि शेजारी एखादी खोली, पडवी किंवा पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवलेल्या असतात. संदेशातल्या प्रत्येक वाक्याला कुठल्या तरी खऱ्या नियमाचा आधार आहे, म्हणून तो पटतो. पण प्रत्येक नियमाची अट मात्र गाळलेली आहे, आणि घर नेमकं त्या अटीपाशीच अडकतं.

सुरुवात ५० मीटरपासून करू. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर तो भाग ‘तीन-अ’. तिथे समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून जमिनीकडे ५० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं घर बांधता येत नाही असा पट्टा. लोकवस्ती त्याहून कमी असेल तर ‘तीन-ब’, आणि तिथे पूर्वीसारखेच २०० मीटर. आता आकडे पाहा. त्याच जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे आणि रत्नागिरीची १९७. काही दाट कोळीवाडे आणि बंदरालगतच्या वस्त्या २,१६१ च्या पुढे जातीलही. पण माडा-पोफळीच्या बागांमध्ये विखुरलेली वाडी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. तिथे २०० मीटर म्हणजे २०० मीटरच.

मग विरळ वस्तीलाही ५० हे आलं कुठून? खाडीच्या नियमातून. भरतीचं पाणी जिथवर आत येतं त्या खाडीच्या आणि नदीच्या काठाला २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते धरलं आहे. खाडीचा नियम समुद्राला लावून संदेश मोकळा झाला. शिवाय २०१९ चे नियम लागू होतात ते त्यांप्रमाणे तयार केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर. तोवर जुनाच आराखडा आणि जुनेच नियम चालतात. गोव्यात २०११ च्या नियमांचा आराखडाच मुळी २०२२ मध्ये मंजूर झाला. २०११ च्या नियमांत नदीकाठाला १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं जे कमी ते लागतं. पणजीजवळच्या माणसाने मालवणच्या मित्राचा संदेश वाचून जोतं घालायचं नसतं, ते यासाठी.

भरतीरेषेबद्दलही बोलायला हवं, कारण सगळी मोजणी तिथून सुरू होते. लोक दाखवतात ती रोजच्या भरतीची ओली रेघ. नियमातली भरतीरेषा उधाणाची असते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी जिथवर चढतं तिथली, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांतली नव्हे. आणि ती आपण टेप लावून ठरवायची नसते. अधिकृत संस्थेने काढलेल्या स्थानिक नकाशावर ती असते. हे नकाशे १:४००० प्रमाणाचे असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या रेघेत दोन मीटर जातात, म्हणजे तुमची अख्खी पडवी त्या रेघेखाली झाकली जाऊ शकते. म्हणून घर सीमेवर असेल तर फोनमधला उपग्रह नकाशा पुरत नाही. जागेवर मोजणी करून सर्व्हे नंबरसह काढलेला नकाशाच लागतो.

खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांचा, मुद्दा याला जोडूनच येतो. जुना बांध किंवा उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) १९ फेब्रुवारी १९९१ च्या, म्हणजे पहिल्या अधिसूचनेच्या आधीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधाशी थांबते. ही सवलत खरी आहे आणि अनेकांना तिचा हक्काने उपयोग होतो. पण १९९१ नंतर चिऱ्याची भिंत घालून पाणी अडवलं म्हणून रेषा पुढे सरकत नाही. जुन्या बांधाच्या आत तिवरं उगवली असतील तर त्यांचं संरक्षण वेगळं, ते बांधामुळे संपत नाही.

दुसरा दावा ग्रामपंचायतीच्या कागदांचा. यावर सर्वांत स्पष्ट उत्तर केरळमध्ये मिळालं. कोचीजवळच्या मरडू इथल्या इमारतींना त्या वेळच्या पंचायतीनेच बांधकाम परवाने दिले होते. लोकांनी बँकेची कर्जं काढून फ्लॅट घेतले, नोंदणी झाली, कर भरले, राहायला आले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी एच-टू-ओ होली फेथ, अल्फा सेरेन, जैन कोरल कोव्ह आणि गोल्डन कायलोरम या इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या. तीनशेच्या वर कुटुंबांची घरं गेली. न्यायालयाने फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई म्हणून प्रत्येकी २५ लाख रुपये देववले, पण घर वाचलं नाही. पुढे तो भाग शहरी वर्गात गेला होता, तरी परवाना दिला त्या वेळी तो कुठल्या वर्गात होता हेच न्यायालयाने पाहिलं. ‘नियम नंतर सैल झाले, आता आपलं जुनं बांधकामही बसतं’ असं मानणाऱ्यांनी मरडूचा हा भाग जरूर लक्षात घ्यावा. गोव्यातही भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत बांधलेलं घर पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कायम केला होता. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. विजेचं मीटर म्हणजे वीज घेतल्याचा.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती संदेशात नाही आणि लहान घरमालकाच्या ती खरोखर कामाची आहे. स्वतः राहण्याचं घर ३०० चौरस मीटर बांधीव क्षेत्राच्या आत असेल आणि ते परवानगी मिळणाऱ्या पट्ट्यात असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसते. स्थानिक प्राधिकरणाने सीआरझेडच्या नियमांनी प्रस्ताव तपासून मंजुरी द्यायची असते. ना-विकास क्षेत्रातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट एवढीच की जोतं, चटईक्षेत्र आणि घनता आहे तेवढीच राहावी. स्थानिक लोकांना, मच्छीमारांसकट, राहत्या घरात होमस्टे चालवायला मुभा आहे, पण जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे आहे त्या माजघरात पाहुणे ठेवा, चालेल. अंगणात कॉलम उभे करून चार खोल्यांचा मजला चढवला तर ते होमस्टे राहत नाही, नवं बांधकाम होतं. माझ्या पाहण्यातली निम्म्याहून जास्त दुखणी या एका फरकातून सुरू झालेली आहेत. वेळेत विचारलं असतं तर ती टळली असती, याचं मला फार वाईट वाटतं.

तिवरांबद्दल थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात महाराष्ट्रभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी कायम केली आणि कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. जमीन कोणाच्या मालकीची आहे याने फरक पडत नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे. सातबाऱ्यावर नाव तुमचं असेल, पण कोयता चालवायचा अधिकार त्यातून येत नाही. भराव टाकून, पाणी अडवून तिवरं आपोआप वाळू देणं ही पळवाटही नाही. मुळांपर्यंत भरतीचं पाणी पोहोचू न देणं म्हणजेच ती मारणं.

आता दंड. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली पाच वर्षांपर्यंतची कैद गेली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, हे खरं. पुढचं कोणी सांगत नाही. उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला आणखी १० हजार लागू शकतात. दंड ९० दिवसांत भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आजही आहे. आणि मुख्य म्हणजे दंड ही बांधकामाची किंमत नव्हे. कलम ५ खाली बांधकाम बंद करण्याचे, काढण्याचे आदेश देण्याचा अधिकार तसाच आहे आणि हरित न्यायाधिकरण जागा पूर्ववत करायला सांगू शकतं. पैसे भरले तरी भिंत बेकायदाच राहते.

‘नंतर परवानगी घेता येते’ हेही याच्याच पोटातलं. केंद्राने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उशिरा सीआरझेड मंजुरी देण्याचं परिपत्रक काढलं होतं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पण परिपत्रक होतं तेव्हाही ते फक्त मुळात परवानगी मिळू शकणाऱ्या बांधकामांसाठी होतं. ना-विकास क्षेत्रातल्या नव्या घराला त्यात कधीच जागा नव्हती.

राहिला झाडांचा आणि क्रेडिटचा दावा. मला तो सगळ्यात घातक वाटतो, कारण चांगल्या मनाची माणसं त्याला फसतात. तिप्पट झाडांचा नियम अधिसूचनेत आहे, पण तो रस्त्यांसारख्या कामांसाठी आहे. कांदळवनातून रस्ता न्यावाच लागला तर जेवढं क्षेत्र बाधित होईल त्याच्या तिप्पट क्षेत्रावर दुसरीकडे लागवड करायची. तीही आधी मंजुरी घेऊन, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक हिताचं काम आहे हे उच्च न्यायालयाला पटवून. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडायला न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली ती या मार्गाने. खाजगी बंगल्याच्या कंपाउंडसाठी हा मार्ग नाही.

ग्रीन क्रेडिट तर आणखी लांबची गोष्ट आहे. त्याचे नियम १२ ऑक्टोबर २०२३ चे. वृक्षलागवडीचं क्रेडिट मिळतं ते वन विभागाने दाखवलेल्या, निदान पाच हेक्टरच्या ओसाड वनजमिनीवर लागवडीचा खर्च उचलल्यावर. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनंतर पाच वर्षं झाडं जगवून ४० टक्के छत्र धरल्याशिवाय ते मिळत नाही, आणि विकताही येत नाही. बाजारात ते विकत घेऊन तुमच्या पडवीवर लावायची सोय कुठल्याच नियमात नाही. कोणी एजंट अशा क्रेडिटसाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

अमेरिकेचं उदाहरण तर उलट बाजूचं आहे. तिथे पाणथळ जागांच्या भरपाईची क्रेडिट विकणाऱ्या बँका आहेत, हे खरं. पण क्रम ठरलेला आहे: नुकसान आधी टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरेल त्याचीच भरपाई. मेरीलँडमध्ये, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, चेसापीक उपसागराच्या काठी १०० फुटांचा पट्टा राखावा लागतो. रीतसर सूट घेऊन त्यात काही केलं तर बाधित क्षेत्राच्या तिप्पट लागवड, आणि परवानगीशिवाय केलं तर चौपट. चौपट लावून बांधकाम पचतं असंही नाही. आधी उल्लंघन दूर करायचं, लागवड करायची, त्याशिवाय स्थानिक यंत्रणेला नवी परवानगी किंवा सूट देताच येत नाही.

या संदेशामुळे होणारं आणखी एक नुकसान मी जवळून पाहतो. लोक नोटीस उघडून वाचत नाहीत, ‘दंड भरून टाकू’ म्हणून कपाटात ठेवतात. कलम ५ खालच्या आदेशाविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस असतात. पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, त्यापुढे नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नोटीस आली असेल तर पाकिटावरची तारीख जपा. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचे घराचे कागद शोधा: जुना आठ नंबरचा उतारा, मोजणीचा नकाशा, त्या वेळची परवानगी. मूळ घर आणि नंतरची वाढ नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवा. वाढीव भाग नियमात बसत नसेल तर तो स्वतःहून काढून तसं लेखी कळवा. मूळ घर वाचवायची सर्वांत मोठी संधी तिथे असते.

आणि हा संदेश तुमच्या वाडीच्या गटात पुन्हा आलाच, तर खाली फक्त गावाचं नाव, आराखड्यातला वर्ग आणि भरतीरेषेपासूनचं अंतर विचारा.